विद्येला माप एकच हवे

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात व्याख्यानमालांना तोटा नाही, आणि विषय इतिहासाचा असला की श्रोत्यांनाही तोटा नाही. पण मध्ययुगातील इस्लामी शिक्षणाचा विषय निघाला की दोनच निकाल कानावर पडतात. पहिल्या निकालानुसार मदरसा म्हणजे घोकंपट्टी, त्याने या देशाला काही दिले नाही, उलट इथल्या विद्यापीठांची राख केली. दुसऱ्या निकालानुसार जग अंधारात होते तेव्हा मदरशात दिवा जळत होता आणि आजची विद्यापीठे ही त्याचीच उसनवारी आहे. हे दोन पक्ष एकमेकांवर तुटून पडतात, पण एका बाबतीत त्यांचे एकमत आहे: उदाहरणे नेहमी बगदादची, कैरोची, नाहीतर बिहारची द्यायची. ठाण्याच्या खाडीपासून चौलच्या बंदरापर्यंत आपल्या पायाखाली काय होते, हे पाहण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

माझे म्हणणे थोडक्यात असे. उत्तर कोकणात मध्ययुगात इस्लामी विद्येची एक खरी परंपरा होती. ती तलवारीच्या आधी, व्यापाराच्या वाटेने आली. तिच्यात मोठे पंडित झाले आणि मोठे दोषही होते. ती ठाणे-कल्याणच्या इतिहासाचा भाग आहे, आणि ज्या मापाने आपण पाठशाळा मोजतो त्याच मापाने तीही मोजली पाहिजे. हे सिद्ध करायचे तर आधी प्रतिपक्षाचे मुद्दे एकेक करून घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप: इथे विद्या नव्हतीच, फक्त सत्ता होती. सुलतानांचे ठाणेदार आले, वसूल गोळा केला आणि गेले; त्यांच्याबरोबर ग्रंथ कुठले?

हा आक्षेप कालक्रमाच्या पहिल्याच पायरीवर कोसळतो. बगदादचा प्रवासी आणि इतिहासकार अल् मसूदी इ. स. ९१६ मध्ये चौलला आला. दिल्लीची फौज कोकणात उतरायला तेव्हा चारशे वर्षे अवकाश होता. उत्तर कोकणावर शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. चौलमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे मसूदी नोंदवतो. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून आलेले व्यापारी आणि त्यांची याच मातीत जन्मलेली मुले, अशी ती वस्ती. त्यांचे आपापसातले व्यवहार आणि तंटे पाहण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. त्याला हुनरमान म्हणत आणि त्याला राजाचा अधिकार असे. दहा हजारांच्या वस्तीत वारसा, विवाह, भागीदारी, बुडालेल्या गलबताचा माल यांचे निवाडे धर्मशास्त्राप्रमाणे करायचे, तर ते शास्त्र कुणाला तरी येत असले पाहिजे, आणि पुढच्या पिढीत ते कुणीतरी शिकले पाहिजे. मदरशाची इमारत नसेल, पण शिकणे-शिकवणे असल्यावाचून अशी वस्ती पिढ्यानपिढ्या टिकत नाही.

खुद्द ठाण्याचा दाखला याहून कडू आहे, पण तोही दडवायचा नाही. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मोपदेशक ठाण्यात आले. इथल्या काझीसमोर त्यांचा धर्मावर वाद झाला आणि त्याचा शेवट त्यांच्या हत्येत झाला. पुढे काही वर्षांत आलेल्या ओडोरिक या प्रवाशाने त्यांच्या अस्थी सोबत नेल्या आणि ही हकीकत लिहून ठेवली. या घटनेचे समर्थन कुणी करू नये, मीही करीत नाही. पण चौदाव्या शतकाच्या आरंभी ठाण्यात काझीचे पद होते आणि परधर्मीयांशी वाद घालण्याइतके त्याचे शास्त्र तयार होते, एवढे त्यातून कळतेच.

किनाऱ्याने आणखी खाली जा. १३४२च्या सुमारास इब्न बतूता होन्नावरला पोहोचला. तिथला मुसलमान राजा एका हिंदू राजाचा मांडलिक होता. त्या छोट्या बंदरात मुलांच्या तेवीस आणि मुलींच्या तेरा शाळा आपण पाहिल्या, तिथल्या बायकांना कुराण मुखोद्गत आहे, असे बतूता लिहितो. होन्नावरचे मुसलमान शाफई पंथाचे होते, आपले कोकणी मुसलमानही शाफईच. दिल्ली-लखनौकडचे बहुतेक हनफी. हा भेदच सांगतो की कोकणची विद्या खैबर खिंडीतून आलेली नाही. ती येमेन, ओमान आणि इराणच्या आखाताकडून, गलबतांच्या वाटेने आली.

आणि ज्याला राज्यकर्त्यांचा पुरावा हवा असेल त्याने बहमनी काळाकडे पाहावे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस दख्खनवर दुर्गादेवीचा म्हणून लोकांच्या आठवणीत राहिलेला भीषण दुष्काळ पडला. तेव्हा दुसरा महंमदशहा बहमनी (१३७८ ते १३९७) गादीवर होता. त्याने माळवा आणि गुजरातेतून बैलांच्या तांड्यांवर धान्य आणवले आणि पोरक्या झालेल्या मुलांसाठी शाळा काढल्या, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. त्या शाळांची गावे तो नावानिशी देतो: गुलबर्गा, बीदर, कंधार, एलिचपूर, दौलताबाद, चौल, दाभोळ. या यादीतली बरीच नावे आजच्या महाराष्ट्रातली आहेत आणि दोन थेट कोकणातली. दुष्काळात आईबाप गेलेल्या पोराला जेवण आणि अक्षर एकाच छपराखाली मिळावे, ही कल्पना सहाशे वर्षांपूर्वी कोकण किनाऱ्यावर अमलात आली होती. तिची एक ओळ आपल्या मुलांच्या पुस्तकात येत नाही.

राहता राहिला इमारतीचा मुद्दा. एवढे सगळे होते तर अवशेष कुठे आहेत, असे विचारले जाते. त्याला उलट प्रश्न असा: चौदाव्या शतकातल्या ठाण्या-कल्याणच्या संस्कृत पाठशाळेची वास्तू आपण कुणाला दाखवतो? ती दाखवता येत नाही म्हणून वेदशास्त्र इथे नव्हते असे आपण म्हणतो का? दोन्हीकडची विद्या पंडिताच्या ओसरीवर, देवळाच्या किंवा मशिदीच्या पडवीत बसून चालत असे. गुरू गेला, की शाळा उठून दुसऱ्या गुरूच्या घरी जात असे. दगडाचा पुरावा मागायचा तर तो दोघांकडेही मागावा लागेल.

दुसरा आक्षेप: होती ती निव्वळ पोपटपंची. अर्थ न कळता कुराण पाठ करायचे, एवढेच शिक्षण.

यात अर्धे सत्य आहे आणि तेवढे आधी मान्य करतो. मकतबातल्या, म्हणजे प्राथमिक शाळेतल्या, बहुसंख्य मुलांचे शिक्षण तेवढ्यावरच संपत असे. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाचा विधी होई. मग लाकडी तख्ती, बोरू, शाई, अक्षरओळख आणि कुराणाचे पठण. शेजारच्या आळीत पंतोजीपुढे धूळपाटीवर अक्षरे गिरवणारे मूलही पाढे, पावकी-निमकी, स्तोत्रे पाठच करीत होते, आणि त्यातल्याही बहुतेकांचे शिक्षण तिथेच संपत होते. वेदाचे घनपाठी तयार करणाऱ्या परंपरेपुढे आपण आदराने हात जोडतो. एक अक्षर न बदलता ग्रंथ शतकानुशतके वाहून नेणे हा स्मरणशक्तीचा पराक्रम आहे, असे म्हणतो आणि योग्यच म्हणतो. मग कुराण मुखोद्गत करणाऱ्या हाफिजाच्या पाठांतराला पोपटपंची म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. एकतर दोन्ही पराक्रम, नाहीतर दोन्ही घोकंपट्टी.

पण पाठांतर हा पहिला मजला होता. त्याच्या वर काय होते ते कोकणच्याच एका माणसाच्या कामात दिसते. ठाण्याहून गाडीने दक्षिण मुंबईत जाणारे हजारो लोक जे. जे. रुग्णालयाजवळच्या उड्डाणपुलावरून जातात. त्या पुलाला कुतुब-ए-कोकण मखदूम अली माहिमी यांचे नाव आहे. माहीमचा उरूस आणि त्यात पोलिसांतर्फे चढणारी चादर सगळ्यांना ठाऊक असते. हा माणूस मुळात शिक्षक, न्यायशास्त्री आणि ग्रंथकार होता, हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

माहिमी नवाईत या किनारी मुसलमान समाजातल्या कुळातले. १४३१ साली त्यांचे निधन झाले. तेव्हा माहीम गुजरातच्या सुलतानांकडे होते. समुद्रकाठी ख्वाजा खिज्र यांनी येऊन त्यांना शिकवले, अशी आख्यायिका आहे. भाविकांना ती प्रिय असणारच. पण ज्या किनाऱ्यावर असा पंडित घडू शकतो, तिथे ग्रंथ होते आणि ते शिकवणारी माणसे होती, याकडे तिच्यामुळे दुर्लक्ष होते. माहिमींनी अरबीत कुराणावर भाष्य लिहिले, त्याचे नाव ‘तबसीर अल् रहमान’. इब्न अरबीच्या ‘फुसूस अल् हिकम’ या अत्यंत अवघड तत्त्वग्रंथावरही त्यांची टीका आहे.

त्या भाष्याची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. कुराणाचे ११४ अध्याय, आणि एक वगळता प्रत्येकाच्या आरंभी बिस्मिल्लाची तीच ओळ. बहुतेक भाष्यकार तिचा अर्थ एकदा सांगून पुढे जातात. माहिमी तसे करीत नाहीत. प्रत्येक अध्यायाचा गाभा काय आहे ते धरून ते त्या एकाच ओळीचा अर्थ दर वेळी त्या अध्यायाच्या अनुषंगाने नव्याने लावतात. शिवाय एक आयत संपून दुसरी सुरू होते तिथे दोघींचा सांधा कसा जुळतो, विषय तुटल्यासारखा वाटतो तिथे आतला धागा कुठला, हे ते उलगडत जातात. असे भाष्य लिहायला व्याकरण, अलंकार, तर्क, न्यायशास्त्र आणि तत्त्वज्ञान ही पाचही अंगे लागतात. ते लिहिणारा माणूस माहीमच्या बेटावर राहत होता, आणि त्याचा ग्रंथ पुढे एकोणिसाव्या शतकात कैरोजवळच्या बुलाक छापखान्यात छापला गेला. पाठांतराने एवढी मजल मारता येत नाही.

वरच्या वर्गाची पद्धतही समजून घेतली पाहिजे. विद्यार्थी एका गुरूकडे एक ग्रंथ वाचायचा. वाचायचा म्हणजे मोठ्याने वाचून दाखवायचा, गुरू थांबवून चूक दुरुस्त करायचा, शंका विचारायचा. ग्रंथ पुरा झाला की गुरू त्याच प्रतीवर किंवा वेगळ्या कागदावर इजाजत लिहून देई: अमुकाने हा ग्रंथ माझ्याजवळ वाचला, मी तो अमुकाजवळ वाचला होता, त्याने अमुकाजवळ. मूळ ग्रंथकारापर्यंत गुरूंची साखळी लिहिली जाई. तो शिकवण्याचा परवाना असे. पुढचा ग्रंथ शिकायला विद्यार्थी दुसरे गाव, दुसरा देश गाठायचा. आपल्याकडे काशीला, पैठणला जाऊन शास्त्र करून येणाऱ्यांची पद्धत याहून फारशी निराळी नव्हती.

विषयांचा आवाका धर्मापुरताच होता, हेही खरे नाही. फिरोजशहा बहमनी (१३९७ ते १४२२) आठवड्यातले तीन दिवस स्वतः धडे देत असे आणि त्या धड्यांत युक्लिडची भूमिती होती, असे फिरिश्ता नोंदवतो. त्याने दौलताबादजवळ वेधशाळेचे कामही सुरू केले होते. ते काम पाहणारा हकीम हसन गिलानी वारला आणि वेधशाळा अपुरी राहिली. अहमदनगरच्या किल्ल्यात सोळाव्या शतकात शाह ताहिर यांचे पाठ चालत आणि ते ऐकायला शहरातले विद्वान जमत. अठराव्या शतकात लखनौच्या फिरंगी महलातील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांनी जो अभ्यासक्रम बसवला, त्यात तर तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या, ग्रंथांहून अधिक होते. आजचा एखादा मदरसा पाहून त्याच्यावरून पाचशे वर्षांपूर्वीचा मदरसा ठरवणे ही इतिहासाची पद्धत नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत जड आहे: ज्यांनी नालंदा जाळले त्यांच्या शिक्षणाचे कौतुक कसले?

याला पळवाट काढणारे उत्तर देऊ नये. मिनहाज-ए-सिराज हा त्या काळचा मुसलमान इतिहासकारच ‘तबकात-ए-नासिरी’त लिहितो की बख्तियार खिलजीने बिहारचा एक किल्ला घेतला, तिथले मुंडन केलेले बहुतेक सगळे रहिवासी मारले गेले, पुष्कळ ग्रंथ सापडले, आणि त्यांचा अर्थ सांगायला माणूस शोधला तर कुणी उरलेच नव्हते, मग कळले की तो सारा किल्ला म्हणजे एक विद्यास्थान होते. अभ्यासक ते ठिकाण उदंतपुरी मानतात. नालंदाही त्या वावटळीतून सुटले नाही: १२३५च्या सुमारास तिथे आलेल्या धर्मस्वामिन् या तिबेटी भिक्षूला उद्ध्वस्त परिसरात नव्वदीचे राहुलश्रीभद्र सत्तरेक शिष्यांना शिकवताना दिसले. १६६९ साली औरंगजेबाने ब्राह्मणांच्या पाठशाळा आणि देवळे पाडण्याचा हुकूम काढला, तोही ‘मआसिर-ए-आलमगिरी’त आहे. हे नाकारणारे लोक आपल्याच बाजूची विश्वासार्हता घालवतात.

पण त्याच १६६९च्या नोंदीत आणखी एक गोष्ट आहे. ठठ्ठा, मुलतान आणि विशेषतः काशीच्या ब्राह्मणांकडे शिकायला लांबलांबून हिंदू आणि मुसलमान दोन्ही विद्यार्थी जात, अशी तक्रार बादशहापुढे आली होती. म्हणजे ब्राह्मण गुरूंपुढे मुसलमान विद्यार्थी बसत होते, आणि हुकमाचा रोख त्या एकत्र शिकण्यावरही होता. बख्तियारच्या तलवारीचा जाब माहीमच्या भाष्यकाराला विचारायचा आणि औरंगजेबाच्या हुकमाचा चौलच्या अनाथ शाळेला, हा न्याय नव्हे. विद्येचा शत्रू कोण, हे त्या त्या माणसाच्या करणीवरून ठरते. त्याच्या धर्माचे नाव पाहून ठरवले की इतिहास संपतो आणि भांडण तेवढे उरते.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिचे खंडनही तेवढेच निकडीचे आहे. सुवर्णयुगाचे गुणगान करणाऱ्यांचा पहिला दावा: मदरशाचे दार सर्वांना खुले होते, तिथे जन्माने कुणी उच्च-नीच नव्हते.

सिद्धान्तात जन्माची अट नव्हती, हे मोठेच होते, आणि आपल्या पाठशाळांना ते म्हणता येत नाही. पण व्यवहार निराळा होता. झियाउद्दीन बरनी हा चौदाव्या शतकातला दिल्लीचा लेखक ‘फतावा-ए-जहांदारी’त बजावतो की हलक्या कुळातल्यांना नमाज-रोज्यापुरते धडे द्यावेत, त्यापलीकडे लिहायला-वाचायला शिकवू नये, शिकले तर ते वरच्यांची जागा घेतील. शूद्राला वेद नको म्हणणाऱ्याचा आणि हा, दोन्ही आवाज एकाच जातीचे आहेत. विणकर, कोळी, तेली यांच्या घरातला मुलगा अरबी भाष्यापर्यंत पोहोचणे हे अपवादाने घडे. बायकांचे तर होन्नावरचेच उदाहरण पुन्हा पाहा. मुलींच्या शाळा आपण अन्यत्र कुठे पाहिल्या नाहीत, असेही इब्न बतूता सांगतो. मोरोक्कोपासून दिल्लीपर्यंतचे मुसलमान जग पाहून झालेला माणूस हे लिहितो, तेव्हा तो होन्नावरचा गौरव असतो आणि बाकीच्यांवरचा ठपकाही.

साध्या माणसापर्यंत, विशेषतः बायकांपर्यंत, जे थोडेफार पोहोचले ते मदरशाबाहेरून. विजापूरच्या सूफींनी दखनी भाषेत चक्कीनामे रचले. दळताना म्हणायची गाणी ती. जात्याच्या दांड्यापासून पाळीपर्यंत एकेका भागाला तत्त्वज्ञानाचा अर्थ जोडून ती रचलेली. आपल्या जात्यावरच्या ओवीने जे काम मराठीत केले, तेच काम चक्कीनाम्याने दखनीत केले. मदरशाने त्या बायकांना शिकवले असे म्हणू नका. मदरसा जिथे कमी पडला तिथे फकिरांनी शिकवले, असे म्हणा.

त्यांचा दुसरा दावा: आजचे विद्यापीठ हे मदरशाचेच रूप आहे. बगदादचा निजामिया मदरसा १०६७ साली सुरू झाला, गझालीसारखा पंडित १०९१ साली तिथे अध्यापक झाला, १२३४ साली उघडलेल्या मुस्तन्सिरियात चारही न्यायपंथ एकत्र शिकवले जात. हे सारे भव्य होते. पण पॅरिस किंवा बोलोन्याच्या विद्यापीठाला स्वतःचे कायदेशीर अस्तित्व होते. गुरू-शिष्यांचा संघ स्वतःच्या नावाने मालमत्ता बाळगी आणि पदवी देई. मदरशाची इजाजत गुरूच्या हातची असे, संस्थेची नव्हे. गणित, वैद्यक, ज्योतिष यांची मोठी कामे पुष्कळदा मदरशाबाहेर, रुग्णालयांत, वेधशाळांत आणि दरबारांत झाली. विद्यापीठाशी नाते जोडण्याच्या हौसेत मदरशाचे स्वतःचे रूप आपण पुसून टाकतो.

आणि यातच त्याचा खरा दुबळेपणा होता. बीदरचा महमूद गवानचा मदरसा पाहा. हा बहमनी राज्याचा वजीर. कोकणात मोहीम काढून त्याने १४७२ साली गोवा घेतले, आणि त्याच वर्षी बीदरला त्याचा मदरसा पूर्ण झाला. इराणी घडणीची तीन मजली इमारत, निळ्या-पिवळ्या चिनी मातीच्या फरशांनी मढवलेली. आत व्याख्यानाची दालने, मशीद, गुरू-शिष्यांच्या राहण्याच्या खोल्या आणि सुमारे तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय. हेरातच्या जामी या कवीशी गवानचा पत्रव्यवहार होता. इराणातल्या पंडितांना तो बीदरला बोलावीत होता. नऊ वर्षांनी, १४८१ साली, दरबारातल्या वैऱ्यांनी बनावट पत्र पुढे केले आणि सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला. पुढे मोगल अमदानीत त्याच इमारतीत दारूगोळा ठेवला गेला आणि १६९६ साली स्फोटात तिचा मोठा भाग उडाला. ज्यांच्या हातून ही नासाडी झाली ते सारे मुसलमानच होते. सुवर्णयुग गाणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे आणि परकीयांनी आमचे बुडवले म्हणणाऱ्यांनीही. एका माणसाच्या मर्जीवर उभी राहिलेली विद्या त्या माणसाबरोबर पडते. फिरोजशहाची वेधशाळा अपुरी राहिली ती एका हकिमाच्या मृत्यूने. कोकणच्या शाळांचीही नाळ राजाच्या नेमणुकीशी आणि इनामाशी बांधलेली होती. राजा बदलला, बंदर गाळाने भरले, पोर्तुगीजांनी समुद्र अडवला, की गुरूचा वजिफा आटला.

खंडन इथे पुरे. आता मला काय मांडायचे आहे ते सांगतो.

पहिले मंडन: ही परंपरा मराठी मुलुखाच्या व्यवहारात मिसळलेली होती, बाजूला पडलेले बेट नव्हती. डहाणूजवळच्या चिंचणीला सापडलेला इ. स. ९२६चा ताम्रपट घ्या. चिंचणी कालपरवापर्यंत ठाणे जिल्ह्यातच होती. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळात संजाणचा कारभार मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. मधुमती हे महंमदाचेच रूप. या अधिकाऱ्याने नद्यांवर विनामूल्य नावा चालवल्या, वाटसरूंसाठी भात, कालवण, तूप देणारे अन्नछत्र उघडले आणि एका ब्राह्मणाने उभारलेल्या देवीच्या मठाला गाव आणि जमीन मिळवून दिली. हे सारे संस्कृतात, तांब्यावर कोरलेले आहे. निजामशाहीच्या पदरी असलेल्या दलपतिराजाने सोळाव्या शतकाच्या आरंभी ‘नृसिंहप्रसाद’ हा धर्मशास्त्राचा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने हिशेबाच्या दफ्तरातून फारसी काढून देशी भाषा आणली आणि ब्राह्मण कारकुनांच्या हाती दफ्तर दिले. कल्याणची सुभेदारी आदिलशाहीत मुल्ला अहमद या नवाईत सरदाराकडे होती. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली ती त्याच्या ताब्यातून. आणि त्याच महाराजांचा फारसी पत्रव्यवहार काझी हैदर पाहत. पीर आणि मशिदींची दिवाबत्ती, नैवेद्य महाराजांनी चालू ठेवला, असे बखरकार सभासदाने लिहून ठेवले आहे. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. ही देवाणघेवाण ज्या शिक्षणामुळे शक्य झाली, त्या शिक्षणाला परके म्हणता येणार नाही.

दुसरे मंडन: कोकणच्या या विद्येचे वैशिष्ट्य तिच्या बंदरी स्वभावात होते. समुद्रापलीकडच्या गुरूंशी नाते, शाफई न्यायशास्त्र, सत्तेआधी व्यापार, हिंदू राजाच्या राज्यात राहून आपले निवाडे आपण करण्याची सवय. बगदाद किंवा देवबंदच्या साच्यात हे बसत नाही, म्हणून दोन्ही पक्षांना ते दिसत नाही. मौखिक परंपरा, गुरुगृही राहणे, ग्रंथावर भाष्य, भाष्यावर टीका, हे सारे ठाण्याच्या आणि पैठणच्या पाठशाळेशी मिळतेजुळते होते. दोष मिळतेजुळते होते, गुणही.

तिसरे मंडन कामाचे आहे. हा इतिहास लिहायची साधने अजून हाती लागू शकतात. काझी-मुल्ला घराण्यांत सनदा, वतनाचे कागद, हस्तलिखिते असतात. मशिदी आणि कबरींवर शिलालेख असतात. कल्याणच्या काळ्या तलावाकाठची काळी मशीद सतराव्या शतकाच्या मध्याची आहे. फिरायला जाणाऱ्या कल्याणकरांपैकी किती जणांनी तिच्याकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहिले असेल? मुंबईच्या जामा मशिदीतले महंमदिया मदरशाचे ग्रंथालय हस्तलिखितांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. आपल्याकडे हे करण्याची परंपराही आहे. भारत इतिहास संशोधक मंडळात बसून ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फारसी साहित्या’चे खंड संपादित केले, सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली. शिवकाल समजायचा असेल तर फारसी शिकली पाहिजे, ही त्यांची निष्ठा होती. ती आज पातळ झाली आहे. व्यासपीठावरून औरंगजेबावर बोलणारे पुष्कळ आहेत. औरंगजेबाचे एक फर्मान मूळ फारसीतून वाचू शकणारे फार थोडे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चे. कोकण इतिहास परिषदेसारखी संस्था ठाण्यात आहे. भिवंडीत उर्दू शाळांची मोठी परंपरा आहे. या सगळ्यांनी एकत्र बसून चार गोष्टी ठरवाव्यात: मोडी आणि फारसीचे वर्ग एकाच छपराखाली चालवावेत, ठाणे, कल्याण, भिवंडीतल्या घराण्यांकडचे कागद मालकी त्यांचीच ठेवून छायाचित्रित करावेत, शिलालेखांची वाचने मराठीत छापावीत, आणि शाळांतल्या मुलांसाठी चौलची अनाथ शाळा, माहिमींचे भाष्य, चिंचणीचा ताम्रपट आणि बीदरचा मदरसा यांवर एक साधे पुस्तक काढावे. त्या पुस्तकात १३२१ची ठाण्यातली हत्या असावी, १६६९चा हुकूमही असावा आणि पाठशाळेच्या दाराबाहेर ठेवलेल्यांचाही उल्लेख असावा. मुले खरे सोसू शकतात. अर्धवट ऐकले की बिघडतात.

ज्याला या परंपरेवर टीका करायची आहे त्याने जरूर करावी. मीही वर केली आहे. पण टीका माहिती घेऊन करावी आणि स्वतःच्या घरालाही तीच कसोटी लावावी. ज्याला गौरव करायचा आहे त्याने बगदादचे उसने वैभव मिरवण्याऐवजी कोकणातल्या माणसांची कामे वाचावीत. ठाणे-कल्याणच्या भूमीवर दहाव्या शतकापासून अनेक भाषांत शिकणे-शिकवणे चालत आले आहे. त्यातली एक वही फाडून टाकली तर उरलेला इतिहास शुद्ध होत नाही, अपुरा होतो, आणि अपुऱ्या इतिहासावर वाढलेली पिढी शेजाऱ्याला ओळखू शकत नाही. ते होऊ द्यायचे नसेल तर ही वही आपण मराठी वाचकांनीच उघडली पाहिजे.